पश्चिमेकडचें फिरणें

कोल्हापुरांत फिरावयास जाणें म्हणजे पश्चिमेस जाणें, असा एक अलिखित नियम आहे. पूर्वेस स्टेशन आहे, बाजार आहे, कारखाने आहेत. तिकडे मनुष्य कामाला जातो, फिरावयास जात नाहीं. पाय मोकळे करावयाचे असले म्हणजे ते आपोआप रंकाळ्याकडे वळतात. सवड अधिक असली तर जोतिबा आणि पन्हाळा, आणि चार दिवसांची रजा पदरांत असली तर राधानगरी, दाजीपूर किंवा गगनबावडा. हीं सारीं ठिकाणें सूर्य मावळतो त्या अंगास आहेत. अमेरिकेंतील थोरो नांवाच्या ग्रंथकारानें फिरण्यावर एक निबंध लिहिला आहे; तो १८६२ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. घराबाहेर पडल्यावर आपलीं पावलें नैऋत्येकडे वा पश्चिमेकडेच कां वळतात, याचा त्यानें त्यांत मोठ्या गांभीर्यानें विचार केला आहे. थोरो कोल्हापुरास राहता तर त्याला इतका विचार करावा लागला नसता. अंबाबाईच्या देवळापासून रंकाळा नैऋत्येसच आहे!

मात्र आमच्या वयाच्या लोकांच्या घरांतून ‘पश्चिम’ या शब्दाला आणखी एक अर्थ आला आहे. आमच्या आजोबांच्या काळीं विलायत म्हणजे पश्चिम. आतां मुलें जेथें नोकरीला जातात आणि जेथून नियमानें फोन करतात ती पश्चिम. ज्या घरचें एकही मूल परदेशीं नाहीं असें सुशिक्षित घर आमच्या आळींत आठवून शोधावें लागतें. आमचा मुलगा गेलीं सोळा वर्षें कॅलिफोर्नियांत आहे. तो आतां तेथील नागरिक झाला असून आम्हां उभयतांनीं कायमचें तेथें येऊन राहावें, असा त्याचा आग्रह आहे. नागरिक झालेल्या मुलाला आईबापांसाठीं कायम वास्तव्याचा परवाना मागतां येतो. पण हा परवाना म्हणजे सोयरीक आहे. ती केली म्हणजे नांदावयास जावें लागतें. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलें तर परवाना धोक्यांत येतो. चार दिवस सासरीं आणि चार महिने माहेरीं, ही चैन त्यांत फार काळ चालत नाहीं.

या आग्रहाच्या आड आमच्याकडून तीन गोष्टी येतात: एक कुत्रें, एक पुस्तकांचें कपाट आणि ही रंकाळ्याची वाट. ऐकणाऱ्याला या सबबी वाटतात. सबब कोणती आणि कारण कोणतें, हें एकदां नीट निवडून पाहावें म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमच्या कुत्र्याचें नांव खंड्या. तो जातिवंत कुळांतला नाहीं. दख्खनच्या कारवानी कुत्र्यांची कीर्ति आम्ही जाणतों; मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनीं नांवारूपास आणलेल्या त्या शिकारी जातीचें टपाल तिकीट सरकारनें २००५ सालीं काढलें आहे. खंड्याचें तिकीट कोणी काढणार नाहीं. तेरा वर्षांपूर्वीं पावसाळ्यांतील एका संध्याकाळीं तो रंकाळ्याच्या बांधावरून आमच्या पाठोपाठ आला आणि आम्हीं दार लावण्यापूर्वीं सोप्यावर येऊन बसला, एवढाच त्याच्या वंशावळीचा इतिहास. रंग तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. खंड्या हें नांव आमच्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे दादांनीं ठेविलें, आणि त्यामुळें एक अडचण उत्पन्न झाली. पाण्याकाठीं तारेवर बसणाऱ्या निळ्या पक्ष्यालाही मराठींत खंड्याच म्हणतात. फिरतांना आम्ही कोणाला “तो पाहा खंड्या” असें म्हणून बोट दाखविलें कीं कुत्रें पायाशीं येऊन उभें राहतें आणि पक्षी उडून जातो.

ब्राह्मणाच्या घरांत कुत्रें म्हणजे वादाला निमंत्रण. आमच्या वहिनींचें सोवळें कडक. खंड्यानें सोप्याच्या आंत पाऊल टाकावयाचें नाहीं, हा करार पहिल्याच दिवशीं झाला, आणि तो आजवर खंड्यानेंच अधिक प्रामाणिकपणें पाळला आहे; घरांतील नातवंडें चपला घालून कोठपर्यंत येतात तें सांगत नाहीं. वहिनींचा विरोध मावळला तो शास्त्राधारानें. त्या नेमानें नरसोबाच्या वाडीस जातात. एका पौर्णिमेस वाडीहून परत आल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊजी, दत्तमहाराजांच्या पायाशीं चार असतात; आपल्या उंबऱ्याशीं एक असला म्हणून काय बिघडलें?” दत्ताजवळचे ते चार श्वान म्हणजे चार वेद, असें मानतात. खंड्याला एकही वेद येत नाहीं. वहिनींची भाकरी तव्यावरून केव्हां उतरते, एवढें मात्र त्याला बिनचूक कळतें.

आमच्या संतांनीं आणि शास्त्रकारांनीं कुत्र्याला अगदींच बाहेर ठेविलेलें नाहीं. वैश्वदेवाच्या बलींत श्वानाचा वांटा आहे. ऋग्वेदांत पणींनीं लपविलेल्या गाईंचा माग काढावयास इंद्रानें धाडली ती सरमा ही कुत्रीच. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची गोष्ट तर प्रत्येक मराठी मुलानें ऐकलेली असते. पण शेजारच्या कुत्र्यानें पोळी पळविली असतां तुपाची वाटी घेऊन धांवणारा गृहस्थ आमच्या पाहण्यांत अद्यापि आलेला नाहीं. कथा ऐकणें निराळें आणि त्या जनावराला रोज दोन वेळां फिरवून आणणें निराळें.

आणि त्या रोजच्या फिरण्यांतच सारी गोम आहे. एकटा मनुष्य फिरावयास निघाला म्हणजे त्याचें शरीर रंकाळ्यावर आणि मन कचेरींत असतें. कुत्र्याबरोबर तसें करतां येत नाहीं. काल पाहिलेला दगड तो आज पुन्हा तपासतो, आणि तो थांबला म्हणजे आपल्यालाही थांबावें लागतें. या सक्तीच्या थांबण्यांत आमच्या हातीं पुष्कळ लागलें. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पक्षी थव्यानें पाण्यावर उतरतात ते केव्हां, जांभळी पाणकोंबडी कोणत्या बाजूच्या गवतांत असते, उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं संध्यामठाच्या किती पायऱ्या उघड्या पडतात, हें सारें आम्हीं खंड्याच्या कृपेनें पाहिलें. सांडपाणी आणि केंदाळ यांनीं रंकाळा मध्यंतरीं कित्येकदां आजारी पडला. तो दुर्गंधही आम्हीं दोघांनीं मिळून घेतला आहे. पूर्वीं आम्ही तळ्याला सबंध फेरी घालीत असूं. आतां खंड्याचें वय झालें. पहिल्या बांकापर्यंत गेल्यावर तो थांबून आमच्याकडे पाहतो, आणि आमचे गुडघे त्याच्याच बाजूनें मत देतात.

आतां कपाटाविषयीं. तें आमच्या वडिलांचें. ते करवीर नगर वाचन मंदिराचे जुने सभासद. १८५० सालीं स्थापन झालेल्या त्या ग्रंथालयांतून पुस्तक आणावयाचें, वाचावयाचें, आणि आवडलें तर पैसे सांठवून विकत घ्यावयाचें, अशी त्यांची रीत होती. कपाटाचे खालचे दोन खण डॉक्टर केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांनीं भरले आहेत. केतकर अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत शिकले, १९१२ सालीं परत आले आणि पुढें त्यांनीं मराठींत हा प्रचंड उद्योग उभा केला. पश्चिमेस गेलेला मनुष्य काय घेऊन येऊं शकतो, याचें हें भारी उदाहरण आहे. विमानवाले प्रवाशाला प्रत्येकीं तेवीस किलोंच्या बहुधा दोन पेट्या नेऊं देतात. ज्ञानकोशाचे खंडही तेवीस; पण हा योगायोग वजनकांट्यावर कांहीं उपयोगी पडत नाहीं.

वरच्या खणांत दुर्गाबाई भागवतांचें ‘ऋतुचक्र’ आहे. तें १९५६ सालीं प्रसिद्ध झालें आणि तेव्हांपासून वडिलांच्या हातून सुटलें नाहीं. त्याच्या समासांत त्यांनीं पेन्सिलीनें बारीक अक्षरांत नोंदी केल्या आहेत: अमुक वर्षीं पन्हाळ्याच्या वाटेवर पळस अमुक तारखेस फुलला, अमुक वर्षीं बहावा उशिरा आला, अमुक सालीं कांटेसावरीवर पहिल्यानें मैना दिसल्या. जवळजवळ तीस वर्षांच्या नोंदी. तीं पानें उलटतांना एक गोष्ट ध्यानांत येते. वडील कधीं दूरदेशीं गेले नाहींत; पण एकाच वाटेवर तीस वर्षें जाण्यालाही एक प्रकारचा प्रवास म्हणावें लागेल.

याच कपाटांत पश्चिमेस गेलेल्यांचीं चरित्रेंही आहेत, आणि त्यांतील दोघांचा कोल्हापुराशीं फार जवळचा संबंध आहे. छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं विलायतेस गेले. वय अवघें वीस. त्यांनीं इंग्रजींत लिहिलेली प्रवासाची रोजनिशी पुढें १८७२ सालीं छापली गेली. परततांना इटलींत फ्लॉरेन्स येथें ३० नोव्हेंबर १८७० रोजीं ते वारले. तेथें दहनाची चाल नव्हती; तरी परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नि देण्यांत आला. प्रयाग चिखलीचा संगम ज्यांच्या राज्यांत, त्यांना परक्या देशांतला संगम लाभला. त्या जागीं छत्री आणि अर्धपुतळा आजही उभा आहे.

दुसरें नांव डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचें. कोल्हापुरांत पुष्कळ वर्षें राहिलेल्या वाइल्डर नांवाच्या मिशनऱ्याशीं झालेला गोपाळरावांचा पत्रव्यवहार अमेरिकेंतील एका मासिकांत छापला गेला, आणि तो वाचून कार्पेंटरबाईंनीं आनंदीबाईंना पत्र धाडलें. १८८३ सालीं त्या निघाल्या, मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. तेंच रुग्णालय आज आपण सी. पी. आर. म्हणून ओळखतों. पण त्या जागेवर त्या रुजू झाल्याच नाहींत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांची रक्षा अमेरिकेस कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत विसावली आहे. जाणाऱ्यांचीं चरित्रें लिहिलीं जातात आणि तें योग्यच आहे. मात्र कोल्हापुरांत त्यांची वाट पाहणाऱ्या स्त्रिया किती होत्या आणि त्यांचें पुढें काय झालें, तें चरित्रांत सांपडत नाहीं.

अशा विचारांत असतांना मुलानें आम्हांला “पाहून तर जा” म्हणून पांच महिन्यांसाठीं बोलाविलें, आणि आम्ही उभयतां जाऊन आलों. मुलाचें गांव सॅन फ्रॅन्सिस्कोपासून तासाभराच्या अंतरावर आहे. रस्ते रुंद, स्वच्छ आणि निर्मनुष्य. पायीं चालणारा मनुष्य दिसला म्हणजे खुशाल समजावें कीं त्याच्यापुढें कुत्रें आहे. आमच्या मुलाजवळही एक कुत्री आहे. बेवारशी जनावरांच्या निवाऱ्यांतून आणलेली. तिचें नांव लाडू. सकाळीं आम्ही तिला घेऊन निघत असूं. तेथील रीतीप्रमाणें तिची साखळी हातांत, आणि खिशांत एक पातळ पिशवी. पिशवीचा उपयोग वाचकांनीं ओळखावा. मोठमोठ्या हुद्द्यांवरील गृहस्थ भर रस्त्यांत कुत्र्यामागें वाकून ती पिशवी वापरतांना पाहिले म्हणजे लोकशाहीविषयीं आदर वाढतो.

आठ दिवसांत आम्हांला त्या भागांत नांव मिळालें: “लाडूचे आजोबा”. एक वृद्ध चिनी गृहस्थ आपलें पांढरें केसाळ कुत्रें घेऊन रोज समोरून येत. त्यांना इंग्रजी येत नव्हतें आणि आम्हांला चिनी येत नाहीं. पांच महिने आम्हीं एकमेकांस नुसता नमस्कार केला, आणि निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्हीं हातवारे करून “जातों” असें सांगितलें तेव्हां त्यांनीं लाडूच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ तो काढला नाहीं. रस्त्यावर बेवारशी कुत्रें मात्र एकही दिसलें नाहीं. आपल्याकडे तीं उकिरड्यावर जगतात, चावतात, आणि त्यांच्या चाव्यानें माणसें मरतातही. तिकडे तीं निवाऱ्यांत ठेवितात, आणि ज्यांना कोणी घरीं नेत नाहीं अशांपैकीं कित्येकांना शेवटीं सुईनें मरण देतात. दोन्ही देशांना या बाबतींत एकमेकांस शिकविण्यासारखें आहे आणि लाजण्यासारखेंही आहे.

एके दिवशीं आम्ही पॅसिफिकच्या काठीं गेलों. नातीनें समोर बोट करून विचारलें, “आबा, तिकडे काय आहे?” समोर सूर्य मावळत होता. महाराष्ट्रांतून पश्चिमेस निघालेला मनुष्य तेथवर पोंचल्यावर पुन्हा पश्चिमेसच तोंड करून उभा राहिला तर त्याच्यापुढें पाण्यापलीकडे आशियाच असतो. आम्हीं तिला सांगितलें, “तिकडे आपला रंकाळा आहे.” भूगोलाच्या मास्तरांनीं निम्मे गुण द्यावेत.

त्याच आठवड्यांत म्यूरचें रान पाहावयास गेलों. जॉन म्यूर हा निसर्गाचा मोठा भक्त आणि लेखक. १८९२ सालीं स्थापन झालेल्या सिएरा क्लबाचा पहिला अध्यक्ष. १९०८ सालीं राखीव झालेल्या या रानाला त्याचें नांव दिलेलें आहे. तेथील रेडवुड वृक्ष सरळ वर गेलेले. त्यांतील सर्वांत उंच अडीचशें फुटांहून अधिक. बहुतेकांचें वय पांचशें ते आठशें वर्षें. शिलाहार भोज राजाचा पन्हाळा उभा राहिला त्याच्या मागेंपुढें त्यांतील थोरले वृक्ष रोपें म्हणून उगवले असतील. वाटेंत मुलगा म्यूरच्या एका पुस्तकाविषयीं सांगत होता. १८८० सालीं अलास्कांत एका हिमनदीवर म्यूर फिरावयास निघाला असतां स्टिकीन नांवाचें एक लहानसें कुत्रें हट्टानें त्याच्यामागें गेलें. परततांना बर्फाच्या एका भयंकर भेगेवर केवळ सुरीच्या पात्यासारखा बर्फाचा पूल होता. म्यूर पार झाला; कुत्रें अलीकडे बसून विव्हळूं लागलें. म्यूर त्याला सोडून गेला नाहीं; धीर देत, हांका मारीत तो थांबला, आणि अखेर तें जनावर त्या पुलावरून पलीकडे आलें. आयुष्यभर तो ती गोष्ट सांगत असे, आणि १९०९ सालीं तिचें पुस्तक झालें.

आम्ही रानाच्या दाराशीं पोंचलों आणि पाहतों तों पाटी: कुत्र्यांस प्रवेश नाहीं. नियम वाजवी आहे. रानांतील जीवांना त्रास होऊं नये म्हणून तो केलेला. सूनबाई गोंधळल्या. मुलगा मात्र शांतपणें म्हणाला, “बाबा, तुम्ही सगळे आंत जा. मी लाडूजवळ थांबतों. मी हें रान पुष्कळदां पाहिलें आहे.” पुढें सूनबाईंकडून कळलें कीं त्यानें तें एकदांही पाहिलेलें नव्हतें.

त्या उंच वृक्षांखालून चालतांना आमच्या मनांत महाप्रस्थानिक पर्व आलें. पांडव अखेरच्या प्रवासास निघाले. पूर्व, दक्षिण आणि पश्चिम या दिशा फिरून ते उत्तरेस हिमालयाकडे वळले. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेंत पडले. धर्मराजाच्या मागें उरलें तें एक कुत्रें. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, स्वर्गांत कुत्रें नेतां यावयाचें नाहीं. धर्मराजानें रथांत पाय ठेविला नाहीं. तें कुत्रें म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, हें त्याला मागाहून कळलें. नकार दिला तेव्हां तें त्याच्या लेखीं नुसतें कुत्रेंच होतें. आश्रयास आलेल्याला टाकावयाचें नाहीं, एवढेंच त्याला ठाऊक होतें. ही कथा आम्हीं शेंकडों वेळां वाचली आणि ऐकली. पण दाराबाहेर साखळी धरून उभा असलेला आमचा मुलगा पाहिल्यावर ती आमच्या घरची झाली.

त्या रात्रीं मुलानें कागद काढले. खंड्यालाही आणतां येईल, असें तो म्हणाला. अमेरिकन सरकारनें १ ऑगस्ट २०२४ पासून नवे नियम केले आहेत. रेबीजच्या दृष्टीनें धोक्याच्या देशांच्या यादींत हिंदुस्थान असल्यामुळें कुत्र्याच्या कातडीखालीं ओळखीची बारीक चिप, लशीचा दाखला, रक्ताची तपासणी आणि ठरलेल्याच विमानतळावर उतरणें, हें सारें करावें लागतें. त्यानें सगळें टिपून ठेविलें होतें. आम्हीं इकडे येऊन पशुवैद्यांना विचारलें. त्यांनीं खंड्याच्या छातीला नळी लावली, ती काढून ठेविली, आणि इतक्या लांबच्या प्रवासाचें नांव काढूं नका, असें सांगितलें.

दादा आणि वहिनी आहेत. मग खंड्याची काळजी कसली, असें कोणी म्हणेल. आम्ही पांच महिने नव्हतों तेव्हां वहिनींनीं त्याला एक दिवसही उपाशी ठेविलें नाहीं. पण फोनवर त्या म्हणत, “खातो हो, पण फिरावयास येत नाहीं. शेजारचा मुलगा नेतो, तर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरतो आणि दारांत बसतो.” आम्ही परत आलों तेव्हां तो उड्या मारीत आला नाहीं. त्यानें आमचे जोडे हुंगले, हळूहळू उठला आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला. पावणेसहा वाजले होते. मुलाला आमचें न येणें समजावून सांगतां येतें; पत्र लिहितां येतें, रोज बोलतां येतें. खंड्याला आमचें जाणें समजावून सांगण्याची भाषा कोणालाच येत नाहीं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगा ५५ फुटांवर गेली. तिची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वेळीं शिरोळ तालुक्यांतील कित्येक लोकांचा पाय गोठ्यांतून निघेना. दारांत नाव उभी, आणि माणसें जनावरांना सोडून तींत बसेनात. शहरांतले पुष्कळ शहाणे लोक त्यांना अडाणी म्हणाले. आम्हांला तो शब्द तेव्हांही रुचला नाहीं. ज्याचें जगणें आपल्या रोजच्या हातावर अवलंबून आहे त्याला टाकतांना हात अडखळावा, हें अडाणीपणाचें लक्षण नव्हे.

तेव्हां आमच्या तीन गोष्टींचा निवाडा असा झाला. कपाट ही सबब आहे. ज्ञानकोश वाचन मंदिरास देतां येईल आणि तेथें तो अधिक वाचला जाईल. रंकाळ्याची वाट हीही, मोठ्या कष्टानें म्हणावें लागतें, सबबच. लाडूनें आम्हांला तेथेंही वाट करून दिलीच होती, आणि आणखी तीस वर्षांत तीही आमची झाली असती. खंड्या हें मात्र कारण आहे. परवान्याचा अर्ज आम्हीं भरलेला नाहीं. धर्मराजाशीं तुलना करण्याचा उद्धटपणा आमच्याकडून होणार नाहीं. त्याच्यापुढें स्वर्ग होता, आमच्यापुढें पाहुण्यांची खोली आणि भांडीं धुण्याचें यंत्र. शिवाय आमच्या नकाराची किंमत खरी आहे आणि ती रोज द्यावी लागते. नात वाढते आहे आणि तिचें वाढणें आम्ही कांचेच्या तुकड्यांतून पाहतों. आमच्या सौभाग्यवती याविषयीं कांहीं बोलत नाहींत. फोन ठेविल्यावर थोडा वेळ देवघरांत जाऊन बसतात. खंड्यानंतर काय करावयाचें, तें आम्हीं त्यांच्यावर सोंपविलें आहे. इतकीं वर्षें सोप्यावरचा निकाल आम्हीं दिला. पुढचा त्यांनीं द्यावा.

मुलानें पुन्हा आग्रह केला नाहीं. ज्यानें रानाच्या दाराशीं दोन तास उभें राहून काढले त्याला अधिक सांगावें लागत नाहीं. आतां फोन आला कीं तो पहिल्यानें खंड्याची चौकशी करतो आणि मग आमची.

‘ऋतुचक्र’ मात्र पश्चिमेस गेलें. एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर आम्हीं तें नातीला धाडलें. ती तेथील रविवारच्या मराठी शाळेंत जाते. जोडाक्षरांशीं तिचें अजून भांडण आहे. पण समासांतील पणजोबांच्या तारखा तिला वाचतां येतात. परवां सूनबाईंनीं एका पानाचें छायाचित्र पाठविलें. वडिलांच्या “पळस, पन्हाळा” या नोंदीखालीं निळ्या शाईनें, मोठ्या आणि वांकड्या अक्षरांत लिहिलें होतें: “पॉपी, शाळेच्या मागें,” आणि पुढें मार्चमधील एक तारीख. नारिंगी पॉपी हें १९०३ पासून कॅलिफोर्नियाचें राज्यपुष्प आहे. ‘पुस्तकांत लिहूं नये’ असें वडिलांनीं आम्हांला लहानपणीं कधींच सांगितलें नाहीं. आम्हींही तिला सांगितलें नाहीं.

उन्हाळ्यांत तिकडे घड्याळें एक तास पुढें करतात. त्या दिवसांत आमच्या संध्याकाळच्या साडेसहाला तेथें सकाळचे सहा होतात. त्या वेळीं मुलगा लाडूला घेऊन निघतो, आणि आम्ही खंड्याबरोबर बांकावर बसलेले असतों. फोनवर तिकडून साखळीचा आवाज येतो. इकडे शालिनी पॅलेसच्या मागें सूर्य उतरत असतो. मुलगा म्हणतो, त्याच्या डोंगरामागून तो आतांच वर येतो आहे. खंड्याला या ज्योतिषांत गोडी नाहीं. अंधार पडूं लागला कीं तो उठतो, आमच्याकडे पाहतो, आणि आम्ही घराकडे वळतों.